गॅस संपत नाही, गळतो : गाडीचा एसी, ४२ हजारांचे एस्टिमेट आणि आपली मानसिकता



विषय वाचून काहींना हसू येईल. चळवळीच्या लेखणीने गाडीच्या एसीवर का लिहावे? एसी ही साहेब लोकांची चैन, आपण तर उन्हातान्हात मोर्चे काढणारी माणसे, असे आमच्याच एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने बैठकीत ऐकवले. त्या बैठकीपासूनच सुरुवात करू. आमची अक्कल तिथेच ठिकाणावर आली.

आमच्या वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी वर्गणी काढून एक जुनी सात सीटर गाडी घेतलेली आहे. आठवड्यातून दोनदा ती उमरेड-भिवापूर पट्ट्यातल्या गावांतून डायलिसिसचे रुग्ण घेऊन नागपूरला येते आणि संध्याकाळी त्यांना परत सोडते. उरलेल्या दिवशी कुणाचे बाळंतपण, कुणाची परीक्षा, कुणाची तारीख. मागच्या मे महिन्यात भर दुपारी गाडीचा एसी पूर्ण बंद पडला. आत तीन रुग्ण होते. डायलिसिसच्या रुग्णाला पाणी मोजून प्यावे लागते, हे ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना सांगायला नको. तहान लागली म्हणून बाटली तोंडाला लावता येत नाही. विदर्भातले ४५ अंशांचे ऊन, तापलेला पत्रा, खिडकीतून येणारी भट्टीसारखी हवा आणि मागच्या सीटवर ओला पंचा डोक्याला गुंडाळून बसलेली एक आजी. त्या दिवशी सगळे सुखरूप घरी पोहोचले. पण त्या गाडीत एसी ही चैन नव्हती, हे आम्हांला कायमचे कळले.

दुसऱ्या दिवशी गाडी एका मोठ्या गॅरेजमध्ये नेली. काचेचे केबिन, कॉम्प्युटरवर छापलेले एस्टिमेट. कॉम्प्रेसर २४,५००, कंडेन्सर ६,८००, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह १,९००, ड्रायर १,४००, गॅस आणि ऑइल २,९००, मजुरी ५,०००. एकूण ४२,५०० रुपये. आमच्या खात्यात होते ५८ हजार. त्यातून अभ्यासिकेचे वर्षाचे भाडे आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तके व्हायची होती. म्हणजे प्रश्न असा उभा राहिला की रुग्णांची गाडी थंड ठेवायची की पोरांची अभ्यासिका चालू ठेवायची. बैठक तीन तास चालली. आवाज चढले. एक गट म्हणाला, एसी काढून टाका. दुसरा म्हणाला, अभ्यासिका सहा महिने बंद ठेवा. तीन तासांत एकानेही हा प्रश्न विचारला नाही की कॉम्प्रेसर खराब झाला आहे हे ठरवले कोणी आणि कशावरून?

आम्ही सगळे शिकलेले. कुणी एम. ए., कुणी बी. एड., कुणी वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. धर्मग्रंथाला प्रश्न विचारणारे, इतिहासाची चिरफाड करणारे. पण छापील एस्टिमेट समोर आले आणि आम्ही मान खाली घातली. छापलेले आहे म्हणून खरे, मोठ्या जागेतून आले म्हणून खरे, सांगणाऱ्याच्या गळ्यात ओळखपत्र आहे म्हणून खरे. परंपरेने सांगितले, ग्रंथात लिहिले किंवा आदरणीय माणूस म्हणाला एवढ्याने एखादी गोष्ट खरी मानू नका, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले होते. आम्ही ते दर पौर्णिमेला विहारात समजावून सांगतो आणि गॅरेजच्या दारात चपलांसोबत काढून ठेवतो.

आधी यंत्र समजून घेऊ

लढायचे तर समोरची व्यवस्था कशी चालते ते माहीत पाहिजे. गाडीचा एसी 'थंडी तयार' करत नाही. तो गाडीच्या आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हे काम करणारा गॅस एका बंद चक्रात फिरतो. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो, त्यामुळे तो तापतो. हा तापलेला गॅस रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये जातो, तिथे वाऱ्याने आणि पंख्याने त्याची उष्णता बाहेर जाते आणि त्याचा द्रव होतो. ड्रायर त्यातला ओलावा आणि कचरा शोषून घेतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून जाताना दाब एकदम उतरतो आणि तो द्रव अतिशय थंड होतो. डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलमधून जाताना तो केबिनमधल्या हवेची उष्णता शोषतो, पुन्हा गॅस होतो आणि कॉम्प्रेसरकडे परततो. एवढेच.

यातला महत्त्वाचा शब्द 'बंद'. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, खर्च होत नाही. रबरी पाइपांतून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षांत थोडासा झिरपतो, हे खरे. पण दर उन्हाळ्यात गॅस 'संपत' असेल, तर तो संपलेला नसतो, गळलेला असतो. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. आम्ही दोन वर्षांत तीन वेळा, दर खेपेला १,८०० रुपये देऊन, हेच केले. ५,४०० रुपये आम्ही नागपूरच्या हवेत सोडले आणि त्याला 'सर्व्हिसिंग' म्हटले.

नुकसान पैशांवर थांबत नाही. कॉम्प्रेसरला वंगण देणारे ऑइल याच गॅससोबत फिरते. गॅस कमी झाला की ऑइलही नीट परतत नाही, कॉम्प्रेसर कोरडा चालतो आणि शेवटी जाम होतो. तो आतून घासला तर धातूचा चुरा साऱ्या पाइपांत पसरतो. मग कॉम्प्रेसर तर बदलावा लागतोच, शिवाय ड्रायर, व्हॉल्व्ह आणि बहुतेक वेळा कंडेन्सरही. तेव्हा ४० हजारांचे एस्टिमेट खरे ठरते. चारशे रुपयांच्या ओ-रिंगची गळती दुर्लक्षित केली की ती अशी मोठी होते.

म्हणूनच गाडी बनवणाऱ्यांनी एक संरक्षण ठेवले आहे. चक्रातला दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की प्रेशर स्विच किंवा सेन्सर कॉम्प्रेसरचा क्लच जोडूच देत नाही. बटण दाबले तरी कॉम्प्रेसर फिरत नाही. आता इथेच गोम आहे. 'कॉम्प्रेसर फिरत नाही' हे लक्षण आहे, 'कॉम्प्रेसर खराब आहे' हा निष्कर्ष आहे. गॅस कमी असेल, रिले गेला असेल, फ्यूज उडाला असेल, वायर तुटली असेल, क्लचची कॉइल जळाली असेल, तरीही कॉम्प्रेसर फिरत नाही. लक्षण आणि निष्कर्ष यांच्यामध्ये तपासणी असते. काचेच्या केबिनमध्ये ती तपासणी झालीच नव्हती. आम्ही नंतर फोन करून विचारले, गेज लावून दाब किती दिसला? उत्तर आले, "सर, कॉम्प्रेसर एंगेजच होत नाही, गेज लावून काय करणार?"

ज्याचे ऐकले नाही तो

आता जे लिहायचे आहे ते आम्हांला लाजवणारे आहे. पण लिहिणे भाग आहे.

आमची गाडी चालवणारा भाऊ दहावी नापास आहे. एसी पूर्ण बंद पडायच्या दीड महिना आधी तो आम्हांला म्हणाला होता, "दादा, गाडी पळते तेव्हा गार हवा येते, सिग्नलवर थांबली का गरम. समोरचा पंखा बरोबर फिरून नाही राहिला. अन् जाळीच्या कोपऱ्यात तेलकट डागबी दिसते." आम्ही 'हो, बघू' म्हणालो आणि विसरलो. एवढेच नव्हे, ४२ हजारांच्या बैठकीत तो दाराशी उभा होता आणि कुणीही त्याला 'बस, तुझे काय मत आहे' असे विचारले नाही. ज्याचा हात रोज त्या यंत्रावर असतो त्याला सोडून, ज्यांना बॉनेट कसे उघडतात हे माहीत नाही अशा नऊ पदवीधरांनी निर्णय घ्यायचा, ही पद्धत आम्ही कुठून शिकलो? हाताने काम करणारा खाली आणि कागदावर काम करणारा वर, ही उतरंड आम्ही भाषणात रोज मोडतो. ती आमच्या बैठकीच्या सतरंजीवर निवांत बसलेली होती.

आणि त्याचे दोन्ही मुद्दे तंतोतंत बरोबर निघाले. गाडी पळताना वारा कंडेन्सरवर आपटतो, म्हणून पंखा नसला तरी भागते. गाडी थांबली की सारी भिस्त पंख्यावर असते. चालताना गार आणि थांबल्यावर गरम, या लक्षणाने पहिला संशय पंखा किंवा चिखलाने बुजलेला कंडेन्सर यांच्यावर घ्यावा. आणि तेलकट डाग? गॅस दिसत नाही, पण गळताना तो ऑइल सोबत घेऊन येतो. जिथे तेलकट धूळ चिकटलेली दिसते तिथे बहुधा गळती असते. दीड महिना आधी ऐकले असते तर त्या आजीला डोक्यावर ओला पंचा घेऊन बसावे लागले नसते.

शेवटी त्याच भावाने ओळखीच्या एका मिस्त्रीकडे गाडी नेली. टिनाचे शेड, पण मिस्त्रीकडे हत्यारे होती. त्याने आधी पंख्याला थेट बॅटरीचा करंट दिला. पंखा रडत रडत फिरला, म्हणजे मोटर गेलेली. मग निळ्या-लाल नळ्यांचे गेज लावले. दोन्ही बाजूंचा दाब फारच कमी. मग उरलासुरला गॅस काढून घेऊन चक्रात नायट्रोजन भरला, साबणाचा फेस लावला आणि कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात बुडबुडे दाखवले. आम्ही डोळ्यांनी पाहिले. कॉम्प्रेसरचा क्लच बाहेरून करंट देताच टक्कन जोडला आणि ऑइल काढून पाहिले तर त्यात चुरा नव्हता. बिल असे झाले : कंडेन्सर ६,२००, पंख्याची मोटर २,६००, ड्रायर १,१००, ओ-रिंग आणि ऑइल ४५०, नायट्रोजन तपासणी ५००, व्हॅक्यूम आणि गॅस १,९००, मजुरी २,२००. एकूण १४,९५०. पहिल्या एस्टिमेटपेक्षा २७,५५० रुपये कमी. अभ्यासिका चालू राहिली.

सगळे मेकॅनिक चोर आहेत का?

नाही. असे म्हणणे सोपे आहे आणि खोटेही. त्या काचेच्या केबिनमधल्या माणसालाही महिन्याचे टार्गेट असते. पार्ट बदलला की कंपनीला पैसे दिसतात, तपासणीत घालवलेला तास कुणाच्या हिशेबात धरला जात नाही. उलट बाजूला रस्त्यावरच्या मिस्त्रीकडे व्हॅक्यूम पंप नसतो, म्हणून तो चक्रातली हवा आणि ओलावा न काढताच गॅस भरतो आणि महिन्याभरात गिऱ्हाईक परत येते. दोघेही एका व्यवस्थेत अडकलेले आहेत.

आणि आपण गिऱ्हाईक म्हणून काय करतो? पार्टचे २४ हजार निमूट देतो आणि तपासणीचे ५०० मागितले तर म्हणतो, 'नुसते बघायचे कसले पैसे?' वस्तूला किंमत आणि हातातल्या ज्ञानाला शून्य, हा व्यवहार आपणच चालवतो. तपासणीला पैसे मिळत नसतील तर मेकॅनिक तपासणी का करेल? तो पार्टच विकेल. हाताच्या कौशल्याला कमी लेखणाऱ्या समाजरचनेचा सर्वांत जास्त मार ज्यांनी खाल्ला, त्यांनी तरी मिस्त्रीच्या ज्ञानाची मजुरी घासाघीस न करता द्यावी.

या प्रश्नाची एक मोठी बाजूही आहे. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे अडीच हजार कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण काय? मूळ सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधने खुल्या बाजारातल्या स्वतंत्र गॅरेजना मिळू दिली जात नव्हती. प्रकरण पुढे अपिलांत आणि न्यायालयांत गेले. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, त्यात मोटार क्षेत्रही घेतले. म्हणजे टिनाच्या शेडमधला मिस्त्री अडाणी आहे म्हणून मागे नाही. ज्ञान कुलूपबंद ठेवले म्हणून तो मागे आहे. ज्ञानबंदी काय असते हे आपल्याला वेगळे शिकवायची गरज आहे काय?

ज्याची गाडी हीच भाकरी आहे त्याचे काय?

आमच्याकडे निदान वर्गणी होती. पण आपल्या वस्त्यांतली कितीतरी पोरे कर्जावर गाडी काढून ॲपवर टॅक्सी चालवतात. त्यांच्यासाठी एसी बिघडणे म्हणजे रेटिंग घसरणे, भाडी कमी होणे आणि हप्ता चुकणे. एसी चालवला तर इंधन जास्त जाते, नाही चालवला तर प्रवासी तक्रार करतो. एप्रिल २०२४ मध्ये हैदराबादच्या ॲप-टॅक्सी चालकांनी 'नो एसी' मोहीम काढली. मिळणाऱ्या दरात एसीचा खर्च परवडत नाही, हे त्यांचे म्हणणे होते. प्रवाशांना तो उर्मटपणा वाटला. खरे तर तो मजुरीचा प्रश्न होता. एसीचा गारवा प्रवाशाला, कंडेन्सरचा खर्च चालकाला आणि कमिशन कंपनीला, या वाटणीला न्याय म्हणता येत नाही.

दुसरे उदाहरण घ्या. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा करण्यात आला आहे. म्हणजे चालकाला उष्णतेपासून संरक्षण ही चैन नसून कामाच्या जागेची सुरक्षितता आहे, हे सरकारनेही मान्य केले. मग तो एसी बिघडल्यावर दुरुस्त कोण करणार, मालक की चालक? हा प्रश्न आजच संघटनांनी उचलला पाहिजे. नाहीतर यंत्र केबिनमध्ये असेल, बंद असेल आणि चालक पूर्वीसारखाच घामाने भिजलेला असेल.

पुष्कळांचा समज असा की टॅक्सी ही धंद्याची गाडी, म्हणून ग्राहक कायदा लागू नाही. हा समज तपासून घ्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येच स्पष्टीकरण आहे की स्वयंरोजगारातून केवळ स्वतःची उपजीविका चालवण्यासाठी विकत घेऊन वापरलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त मोडत नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक समजावला : पोटासाठी स्वतः वाहन चालवणारा ग्राहक ठरतो, केवळ दुसऱ्याकडून चालवून घेणारा ठरत नाही. दुरुस्तीच्या वादातही हा युक्तिवाद मांडता येतो.

कायद्याच्या कामाच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रार वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. ती आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावणे सक्तीचे नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पण या सगळ्याला पुरावा लागतो. आम्ही तिन्ही वेळा गॅस भरला तो 'बिल नको, दोनशे कमी करा' म्हणत. दोनशे रुपयांत आम्ही आमचा तक्रारीचा हक्क विकला. दोष फक्त समोरच्याचा नव्हता.

गॅरेजच्या दारात काय विचारायचे

एक. 'गॅस किती ग्रॅम भरला?' बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि वजन लिहिलेले असते. गॅस वजनाने भरायचा असतो, अंदाजाने नाही. जास्त भरला तरी गारवा कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

दोन. 'गळती कुठे आहे, दाखवा.' नायट्रोजनचा दाब, साबणाचा फेस, चमकणारा यूव्ही रंग किंवा गळती शोधणारे यंत्र, यांपैकी काहीही चालेल. पण दाखवल्याशिवाय गॅस भरू देऊ नका. गळती बुजवणारे डबाबंद औषध तर घेऊच नका. ते व्हॉल्व्हमध्ये आणि मेकॅनिकच्या यंत्रातही अडकू शकते.

तीन. 'दोन्ही बाजूंचा दाब किती?' दोन्ही कमी म्हणजे बहुधा गॅस कमी. दोन्ही जास्त म्हणजे पंखा, बुजलेला कंडेन्सर किंवा जादा गॅस यांचा संशय. कॉम्प्रेसर फिरत असूनही एक बाजू पुरेशी वर जात नाही आणि दुसरी पुरेशी खाली येत नाही, तेव्हा कॉम्प्रेसरवर संशय घ्या. एस्टिमेटवर हे आकडे लिहून मागा.

चार. कूलिंग कॉइल बदलायची असेल तर डॅशबोर्ड खोलावा लागतो, तिथे मजुरी जास्त येणे रास्त आहे. पण त्याआधी केबिन फिल्टर पाहा. धुळीने बुजलेल्या फिल्टरमुळे हवा कमी येते आणि लोक ते गॅसवर ढकलतात. हा फिल्टर बऱ्याच गाड्यांत हातमोजे ठेवायच्या कप्प्यामागे असतो आणि घरी बदलता येतो.

पाच. जुना पार्ट परत मागा. कॉम्प्रेसर खरोखर जाम असेल, ऑइल काळे आणि चुऱ्याचे असेल, तर मात्र अर्धवट काम करून घेऊ नका. ड्रायर आणि सफाई वाचवून नवा कॉम्प्रेसर बसवला की तोही त्याच चुऱ्याने मरतो. प्रत्येक मोठे बिल खोटे नसते. न तपासलेले बिल खोटे असू शकते, एवढेच आमचे म्हणणे.

सहा. स्वस्त गॅसच्या नादी लागू नका. भेसळीचा गॅस ज्वालाग्राही किंवा त्याहून वाईट असू शकतो. २०११ मध्ये भेसळीच्या गॅसमुळे जहाजी वाहतुकीच्या शीत कंटेनरांचे स्फोट होऊन दुरुस्ती कामगार मेले होते. आणि विजेवरच्या गाडीचा कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो, त्याला वेगळे ऑइल लागते. ती गाडी प्रशिक्षण नसलेल्या हातात देऊ नका.

आणखी एक गोष्ट कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावी. बहुतेक जुन्या गाड्यांत असलेला आर-१३४ए हा गॅस हवेत सुटला तर एक किलो गॅस सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका पृथ्वीला तापवतो. २०१६ च्या किगाली करारानुसार भारतही २०३२ पासून असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करणार आहे. आम्ही गळती तशीच ठेवून भरलेला गॅस वरच गेला. वाढत्या उन्हाचा पहिला मार कुणावर पडतो? टिनाच्या घरात राहणाऱ्यांवर, बांधकामावरच्या मजुरांवर, म्हणजे आपल्याच माणसांवर.

आता काय करायचे?

बाबासाहेब १९४२ साली व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले आणि त्याच वर्षी सरकारपुढे ठेवलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्यांची मागणी केली. यंत्रयुगात यंत्राचे ज्ञान नसलेला समाज पुन्हा हमालीलाच जुंपला जाईल, हा धोका त्यांना स्पष्ट दिसत होता. आम्ही त्यातला पदवीचा भाग घेतला, पाना-पेचकसाचा भाग मागे ठेवला. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक आणि रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंग हे दोन-दोन वर्षांचे ट्रेड आहेत. उन्हाळे अधिकाधिक कडक होत चालले आहेत. अशा काळात या कौशल्याला मागणी राहणारच. स्पर्धा परीक्षेच्या सहाव्या प्रयत्नात असलेल्या आमच्या तरुणाला हे सुचवले तर त्याच्या घरचे रागावतात. त्यांचा राग आम्हांला समजतो. पिढ्यान्पिढ्या हाताचे काम लादले गेले, त्याची जखम आहे ती. पण लादलेले काम आणि शिकून, हत्यारे हातात घेऊन, दर ठरवून केलेले काम यांत फरक आहे. तो फरक आपल्यालाच रुजवावा लागेल.

आमच्या गटाने ठरवले ते असे. एक, गाडीची वही. कधी काय बिघडले, काय बदलले, किती ग्रॅम गॅस, किती पैसे, पक्के बिल. दोन, वाचलेल्या पैशांतून एक गेज संच घेतला. महिन्यातून एका रविवारी तोच मिस्त्री अभ्यासिकेच्या अंगणात टॅक्सीवाल्या पोरांना तपासणी शिकवतो. त्याला मानधन देतो, नारळ-शालीवर भागवत नाही. तीन, वकिलीच्या वर्गातल्या दोघांनी ग्राहक तक्रारींचे टेबल सुरू केले आहे. चार, गाडीसंबंधीच्या कोणत्याही बैठकीत पहिले बोलणार तो गाडी चालवणारा.

चौथा ठराव मंजूर झाला तेव्हा भाऊ पहिल्यांदा सतरंजीवर येऊन बसला. म्हणाला, "दादा, पुढच्या महिन्यात समोरचे दोन टायर बदला, मंग नका म्हणू सांगतलं नाही." आम्ही वहीत लिहून घेतले.

जय भीम.